कराची करमणूक

ऐकलंत का? आमच्या सोसायटीत दोन भल्या घरचे गृहस्थ पॉपकॉर्नवरून बोलेनासे झाले आहेत. एक बँकेतून निवृत्त, दुसरे विमा कंपनीतून. तीस वर्षांचा शेजार, गणपतीच्या वर्गणीवरून कधी शब्दाला शब्द लागला नाही. आणि आता जिन्यात समोरासमोर आले तर एक ‘भक्त’ पुटपुटतो, दुसरा ‘चमचा’! या वयात पूर्वी माणसं बीपीच्या गोळ्यांवर बोलायची. हल्ली कराच्या टप्प्यांवर बोलतात, आणि बीपी वाढतं ते वाढतंच.

लोण आलं ते थेट जैसलमेरहून. २१ डिसेंबर २०२४ ला तिथे जीएसटी परिषदेची बैठक भरली. देशभरातले अर्थमंत्री जमले आणि गाजलं काय, तर मक्याच्या लाह्या! मीठमसाला लावून सुट्या विकल्या तर ५ टक्के. त्याच लाह्या पाकिटात भरून वर लेबल चिकटवलं की १२. आणि कारमेल चढलं की १८! अहो, कारमेल म्हणजे काय, साखरेचा पाकच की. खरं तर यात नवा कर नव्हताच. उत्तर प्रदेशानं विचारलं, कुठला दर लावायचा, आणि परिषदेनं खुलासा केला, एवढंच. साखर पडली की गट बदलतो, असं अर्थमंत्री सीतारामन बाईंनी परोपरीनं सांगितलं. पण तोवर निम्मा देश मीम बनवण्यात गुंतला होता, उरलेला निम्मा त्याला राष्ट्रहित समजावण्यात. अरविंद सुब्रमण्यन यांना, म्हणजे याच सरकारच्या माजी मुख्य आर्थिक सल्लागारांना, त्यात राष्ट्रीय शोकांतिका दिसली. आमच्या बँकवाल्या काकांनी तो मेसेज अकरा ग्रुपांवर पाठवला म्हणे. विमावाल्यांनी उत्तरादाखल साखरेचे दुष्परिणाम पाठवले.

आता खरी आतली गोष्ट सांगते, जरा जवळ या. त्या परिषदेत विरोधी पक्षांच्या राज्यांचेही मंत्री बसतात बरं का! मताचं वजन केंद्राकडे एक तृतीयांश, सगळ्या राज्यांकडे मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्राला एकट्यानं काही रेटता येत नाही आणि केंद्राला वगळून राज्यांचंही चालत नाही. मग आत किती रणकंदन होत असेल? छे हो! वर्षानुवर्षं सगळं सहमतीनं. मतदानाची वेळ पहिल्यांदा आली ती डिसेंबर २०१९ मध्ये, आणि तीही कशावर? लॉटरीवर! बाकी आत मान डोलवायची आणि बाहेर कॅमेऱ्यासमोर येऊन ‘जनतेची लूट’ म्हणून गळा काढायचा. मल्टिप्लेक्सचं बिल एकदा नीट बघा. सीजीएसटी, एसजीएसटी, दोन ओळी, दोन्ही अगदी सारख्या रकमेच्या. अर्धा दिल्लीला, अर्धा मुंबईला. शिव्या मात्र माणूस आपल्या पक्षाची ओळ सोडूनच देतो.

आणि या पक्षांची स्मरणशक्ती तरी किती सोयीची! २०११ मध्ये काँग्रेस सरकारनं जीएसटीचं विधेयक आणलं तेव्हा भाजपच्या गुजरात-मध्य प्रदेशानं नाकं मुरडली. पुढे भाजपनं तोच कर आणला, तर काँग्रेसला त्यात गब्बरसिंग दिसला. मे २०२०, टाळेबंदीचे दिवस, केंद्रानं पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क चढवलं. काँग्रेसवाले संतापले, भाजपवाल्यांना त्यात दूरदृष्टी दिसली. जून २०२४ मध्ये कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारनं इंधनावरचा विक्रीकर वाढवला, लिटरमागे सुमारे ३ रुपये. आता भाजपवाले रस्त्यावर आणि दूरदृष्टी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांकडे! त्यांचा खुलासा तर आपल्याला झोंबणारा: वाढवूनही आमचा कर महाराष्ट्रापेक्षा कमीच. घ्या! भांडण त्यांचं आणि वाभाडे आपले.

त्यातल्या त्यात शोभा झाली ती २९ जुलै २०२४ ला लोकसभेत. अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालयात हलवा होतो ना, त्याचा फोटो राहुल गांधींनी भर सभागृहात दाखवला आणि विचारलं, यात मागासवर्गीय अधिकारी कुठे आहेत? अर्थमंत्र्यांनी कपाळाला हात लावला. प्रश्न गंभीर होता हो, पण आमच्याकडे आठवडाभर चर्चा कशाची, तर त्या हाताची. त्याच अर्थसंकल्पात शेअर्सच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर १० वरून साडेबारा टक्के झाला, घरविक्रीतली महागाईची वजावट काढून टाकली आणि ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये जुन्या घरांपुरती पर्याय म्हणून परत दिली. या खिशाच्या गोष्टी. त्यावर काकांच्या ग्रुपात एक अंगठासुद्धा आला नाही.

मग वाटलं, कर कमी झाले की तरी ही मंडळी गप्प बसतील. कसलं काय! २२ सप्टेंबर २०२५ पासून दर उतरले, १२ आणि २८ चे टप्पे जवळपास बाद झाले, चपाती आणि पराठा अखेर एका पंगतीत बसून करमुक्त झाले. लगेच भाजपनं बचत उत्सव मांडला. काँग्रेस म्हणाली, आम्ही कधीपासून हेच सांगत होतो. म्हणजे वाढवला तर कोणीच नाही आणि कमी केला तर दोघांनी! बँकवाले काका पेढे वाटायच्या विरोधात, विमावाल्यांनी वाटले, आणि सोसायटीतल्या एका वहिनींनी हळूच विचारलं, यावर किती टक्के लागले?

एक मात्र आहे. कोल्हापूरहून बेळगावला निघालेली गाडी कोणत्याही झेंड्याची असो, कागलपर्यंत काटा लालमध्ये ठेवून रेटतात आणि हद्द ओलांडली की कर्नाटकात टाकी फुल्ल करतात. दोन्ही काका एकाच लग्नाला त्याच रस्त्यानं गेले होते, वेगवेगळ्या गाड्यांतून. पंपावर रांगेत गाठ पडली म्हणे. बोलले नाहीत.