छत्तीस तासांत जलक्रांती

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने उगाच वेळ घालवला. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. मग चर खणा, झाडं लावा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडा. वर्षंच्या वर्षं गेली.

2017 पासून देशात स्मार्ट इंडिया हॅकेथॉन आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना मुदत 36 तासांची. कुदळ लागत नाही, चार्जर लागतो.

समजा, जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात पोरांनी वडापाव-चहावर रात्र जागून दुष्काळ संपवला. पडद्यावर शेततळं काठोकाठ भरलं. परीक्षकांची सूचना एकच: पाण्याचा निळा जरा गडद हवा.

टाळ्या थांबतात, तोच मागून आवाज येतो, "सर, नळाला पाणी नाय."

सगळे ॲपकडे बघतात. टँकरवाल्याचा नंबर शिपायाला पाठ असतो.