जावयांचा ट्रॅक्टर आणि टेक्सासची बाभूळ
सॅन अँजेलो, टेक्सास

ती. आई-बाबा,

रान आणि ट्रॅक्टर घेतल्याचं तुमच्या जावयांनी फोनवर अभिमानानं सांगितलंच असेल. ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं पंक्चर होऊन बसली आहेत, हे सांगितलं नसणार.

इथे जमिनीवर गुरं राखली तर मालमत्ता कराची आकारणी बाजारभावाऐवजी शेतीच्या उत्पन्नावर होते. हे कळल्यापासून जावयांना गुरांचा फारच लळा लागलाय. पण गुरांना गवत हवं, आणि रानभर माजलंय मेस्कीट. म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण! (वेडी बाभूळही मूळची अमेरिका खंडातलीच, इंग्रजी अमदानीत भारतात आणून लावलेली.) काटे दोन इंचांपर्यंत. गुरं तिच्या शेंगा आवडीनं खातात आणि शेणातून बी रानभर पेरतात. कर वाचवायला आणलेली गुरंच काम वाढवून ठेवतात.

खरी मेख यंत्रात आहे. मेस्कीटची झुडपं कापायचं पात्यांचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं, त्यामुळे आधी टायर काट्यांवरून जाणार, मग काटे कापले जाणार. त्या यंत्राच्या शेपटाला जे छोटं चाक असतं, ते पुष्कळदा जुन्या टायरच्या पट्ट्या एकमेकींना दाबून केलेलं. त्यात हवाच नाही, त्यामुळे काट्याची फिकीर नाही. जावई त्या चाकाकडे हल्ली असूयेनं बघतात.

मग उपाय सुरू झाले. वॉल्व्हमधून ओतायचं एक घट्टसर द्रव मिळतं. चाक फिरलं की ते आत पसरतं आणि काट्याएवढी भोकं बुजवतं. टायरची बाजूच फाटली तर मात्र हात टेकतं. जास्त प्लायचे जाड टायर काटे बरेच थोपवतात, पण वाळलेला तिरपा खुंट त्यांनाही भारी पडतो. शेवटचा उपाय फोमचा: हवेऐवजी दोन द्रवांचं मिश्रण आत भरायचं, ते रबरासारखं घट्ट होतं. पंक्चरचं नाव नाही! पण वजन भरमसाट वाढतं, बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात आणि टायर झिजला की फोमसकट कापून फेकावा लागतो.

नवी ट्यूब टाकली तरी मोडका काटा टायरमध्ये राहिला की पुन्हा फुस्स. म्हणून आत चिंधी फिरवायची, ती अडकेल तिथे काटा. हे आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं जावयांना फुकट शिकवलं असतं.

शेवटी शेजारच्या रानातल्या आजोबांनी तोड काढली. दाट झुडपात ट्रॅक्टर मागे-मागे न्यायचा, म्हणजे आधी पाती पोचतात, मग टायर. तेव्हापासून जावयांची मान डावीकडे वळलेलीच आहे, जेवतानाही.

आजोबा असंही म्हणाले, की मेस्कीट नुसतं कापलं तर खुंट राहतो आणि जमिनीखालच्या डोळ्यांतून एकाचे पाच फुटवे येतात. फूटभर खालून मुळासकट उपटलं, तर खुंटही नाही आणि फुटवाही नाही.

तेव्हा बाबा, ओढ्याकाठची वेडी बाभूळ काढायला ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं असेल तर नको म्हणून कळवा. जेसीबीवाल्याला बोलवा आणि मुळं निघेपर्यंत बांधावर उभे राहा. आईच्या लोणच्याच्या पार्सलात मानेला चोळायचं तेलही घाला.

तुमची,
लेक