लावायचं आणि लगेच धुवायचं

श्टुटगार्ट,
शनिवार रात्र

तीर्थरूप बाबांस,

मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही जावयांना ओल्या गाडीवर कसलीशी बाटली फवारताना पाहिलंत. पाठोपाठ तीच गाडी त्यांनी पाइपाने धुऊन काढली तेव्हा तुम्ही विचारलंत, "लावलं ते धुऊन टाकलं, मग राहिलं काय?" त्यावर त्यांनी सिलिका, पॉलिमर, धनभार, ऋणभार असं पुष्कळ सांगितलं आणि तुम्ही "बरं बरं" म्हणालात. तुमचं हे "बरं बरं" मी लहानपणापासून ओळखते. सुताचा दलाल भाव सांगायला लागला की तुम्ही हेच म्हणायचात आणि चहा मागवायचात. म्हणून हे पत्र.

आधी इथली तऱ्हा सांगते. आपल्या गल्लीत एक पोरगा एक बादली आणि एक फडकं घेऊन सकाळी आख्खी रांग पुसून जातो. इथे घरासमोरच्या रस्त्यावर गाडी धुवायला बंदी. तेल आणि साबण गटारात जाऊन जमिनीत मुरतो म्हणे. म्हणून वॉशिंगच्या गाळ्यात जायचं. तिथे जमिनीखाली तेल वेगळं करायची सोय असते. नाणं टाकायचं, बंदुकीतून पाणी सुरू, मीटर पळतोय. रविवारी आवाज करणं पाप, त्यामुळे शनिवारी आख्खं शहर तिथे रांगेत. मर्सिडीज आणि पोर्शचं माहेर हे. इथे मळकी गाडी चालवली तर कोणी बोलत नाही, नुसतं बघतं. आणि हे लोक बघतात कसं, ते तुम्ही आमच्या जिन्यात येऊन पाहा. 'केरवोखे' नावाची इथली जुनी प्रथा आहे: ज्या बिऱ्हाडाची पाळी, त्याच्या दाराला पाटी लागते आणि त्या आठवड्यात जिना त्यांनी झाडायचा. शहराने त्याची सक्ती १९८८ सालीच काढली, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

तर तुमचा प्रश्न. मी जावयांना म्हटलं, बाबांना सिलिका सांगू नका, त्यांच्या सुताचं सायझिंग सांगा.

आठवा, तान्याचं सूत गरम खळीच्या हौदातून बाहेर आलं की सरळ वाळवायला जात नाही. आधी दोन रुळांमधून पिळून निघतं. सुताने धरायची तेवढी खळ धरलेली असते, बाकीची परत हौदात. न पिळता तशीच सिलिंडरवर नेली तर धागे एकमेकांना चिकटणार, बीमचं वाटोळं होणार आणि तुमचा आवाज कल्याण नाक्यापर्यंत ऐकू जाणार. इथे रूळ नाहीत, त्यांचं काम पाण्याचा मारा करतो. गाडीच्या ओल्या रंगावर किंचित ऋणभार असतो आणि बाटलीतल्या द्रव्यावर धनभार. फवारा पडताक्षणी रंग त्याला जेवढं धरायचं तेवढं धरतो. पाण्याचा जोर राहिलेलं पसरवतो आणि जास्तीचं काढून नेतो. धुऊन जातं ते जास्तीचं. धुतलं नाही तर ते तिथेच वाळतं आणि असे ढगाळ डाग पडतात की घासून हात दुखावेत.

फरक एवढाच की सुताची खळ पुढे प्रोसेसला मुद्दाम काढून टाकतात, नाहीतर कापड रंग धरत नाही. गाडीची ही खळ रंगाच्या वरून बसते आणि हळूहळू आपोआप झिजते.

त्या दिवशी बॉनेटवर पाणी पडलं की मण्यामण्यांनी घरंगळत होतं, आणि तुमचे जावई हातात बंदूक घेऊन ते नुसते बघत उभे. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला नाही, फक्त इंजिन सुरू केलं. इथे तोच हॉर्न. आई कॉलवर मागून म्हणाली होती ना, "गाडीला एवढं करतात, स्वतःच्या डोक्याला कधी तेल लावतात का?" ते त्यांनी ऐकलं. अजून मनात आहे त्यांच्या.

आता आपल्या गाडीला लावायचं असेल तर घरी खटपट करू नका. सगळी गंमत पाण्याच्या जोरात आहे, आणि आपल्या नळाला किती जोर असतो ते मी श्टुटगार्टहून सांगायला नको. मुंबईचं एवढं पाणी आपल्याच भिवंडी तालुक्यात पांजरापूरला शुद्ध होऊन पुढे जातं, पण म्हणून त्या पाइपाला नळी जोडायला जाऊ नका. हायवेला जे वॉशिंग सेंटर असेल तिथे जा. पोराला सांगा, आधी फोम नीट धुऊन काढ. साबण राहिला तर त्याचा आणि ह्या द्रव्याचा भार उलटा, दोघं एकमेकांनाच धरून बसतील आणि रंगावर चिकटा येईल. मग बॉनेट, दार, डिकी, असं एकेक घ्यायचं: दोनचार फवारे, लगेच पाणी. सकाळी लवकर जा. एप्रिलच्या दुपारी बॉनेट एवढं तापतं की फवारा पाण्याची वाट बघत नाही, आधीच वाळतो.

पुसायला मायक्रोफायबरचं फडकं वापरा. तुम्ही कपाटातून ग्रे कापडाचा तुकडा काढणार हे मला माहीत आहे. तो नको. त्यात तुमचीच खळ आहे, कडक असतो, रंगावर ओरखडे येतील.

फार अपेक्षाही ठेवू नका. धामणकर नाक्यावर रिक्षाने मारलेली रेघ ह्याने जाणार नाही, पोचे तर नाहीच नाही. चिखल आणि धूळ सुटायला सोपी जाते, इतकंच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, वसंतात फुलांचा पिवळा पराग बसतो, उन्हाळ्यात लिंडनच्या झाडाखाली गाडी लावली की चिकट थर. अशा वेळी ह्याचा खरा उपयोग. बाटलीवर सहा महिने लिहिलंय. ते लिहिणाऱ्याने आपला वाडा रोड पाहिलेला नसावा. तुम्ही एक पावसाळा धरा, त्यातही गणपतीच्या आधी पुन्हा एक हात.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, असं इथे लोक मला कौतुकाने सांगतात. मी विचारते, आणि भिवंडी? मग विषय बदलतात.

चिऊची शाळा ठीक. आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा, नुसतं "बरी आहे" नको.

तुमची,
ताई

ता. क. बाटली इथून पाठवत नाही, तिकडेच मागवा. मानकोली-काल्हेरच्या कुठल्यातरी गोदामात ती आत्ताही पडलेली असेल. बहुधा तुमच्या दारावरून पुण्याला जाऊन परत येईल, तेव्हा चार दिवस धीर धरा. आणि आईला सांगा, पितळेच्या भांड्यांना ते चालत नाही. विचारायच्या आधीच सांगून ठेवते.