कपाटावरची रोजकीर्द

आमच्या सीएच्या ऑफिसात कपाटावर एक काळी पेटी आहे. आकाराने पोळ्यांच्या मोठ्या डब्याएवढी, आत दोन डिस्क, मागे एक पंखा. बिलावर ती नेटवर्क स्टोरेज, बोलण्यात 'सर्व्हर' आणि झाडणाऱ्या मावशींच्या भाषेत 'गुरगुरणारा डबा'. दसऱ्याला तिला झेंडूचं फूल मिळतं. एरवी तिच्याकडे कुणी बघत नाही. सगळ्या क्लायंटांची आर्थिक पापं मात्र तिच्याच पोटात.

मी तसा ताळेबंदाचा माणूस. पण फार वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढला आणि तेव्हापासून ऑफिसात विजेवर चालणारं जे जे आहे ते माझ्या गळ्यात पडलं.

सप्टेंबर होता. टॅक्स ऑडिटची ३० तारीख डोक्यावर, मुदतवाढीची अफवा रोज नवी. अशात एका क्लायंटचा अख्खा फोल्डर गेला. "दोन डिस्क आहेत ना? मग दुसरीत बघा," सर म्हणाले. त्या दोन डिस्क म्हणजे जुनं जोडपं. एकाला जे आठवतं तेच दुसऱ्याला, आणि एक जे विसरतो ते दुसराही त्याच क्षणी विसरतो. डिस्क मेली तर ही जोडी कामाची. माणूस चुकला तर नाही. मी शनिवारच्या बॅकअपमधून फोल्डर परत आणला. "ते झालं. पण पुसला कोणी?" सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

पेटीत लॉग नावाची सोय होती, ती आजवर कुणी चालू केली नव्हती. म्हणजे झालेल्या चोरीचा पंचनामा अशक्य; पुढच्या चोरीची वाट बघायची. कोणी उघडलं, लिहिलं, पुसलं, नाव बदललं, हलवलं, या सगळ्या चौकटींत मी बरोबरच्या खुणा केल्या आणि निश्चिंत मनाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी चाळीस हजारांवर ओळी होत्या. ऑफिसात माणसं अकरा.

निम्म्याहून जास्त ओळी अँटीव्हायरसच्या निघाल्या. तो प्रत्येक फाईल हुंगून पुढे जातो. उरलेल्यांमध्ये टीडीएस बघणाऱ्या काकू आघाडीवर. त्यांच्या नावावर एका दिवसात बासष्ट फायली पुसल्याची नोंद! मी हादरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या चिवडा खात एका पत्रातला स्वल्पविराम हलवत होत्या. मग वर्डचा स्वभाव कळला. फाईल उघडली की नागमोडी रेघ आणि डॉलरच्या खुणेने सुरू होणारी एक छुपी फाईल जन्माला येते. सेव्ह केलं की नवी प्रत तात्पुरत्या नावाने लिहिली जाते, जुनीचं नाव बदलतं, नवीला जुनीचं नाव मिळतं आणि जुनी पुसली जाते. एका स्वल्पविरामासाठी बारसं, दत्तकविधान आणि अंत्यसंस्कार. काकू चार वेळा विचार बदलणाऱ्या.

त्याहून थोर म्हणजे या काकू रोज पहाटे पाचला कामाला लागत होत्या. मी आदराने भारावलो. सर दुपारी एकलाच निघून जातात हेही दिसलं, त्याने कमी भारावलो. दोन दिवसांनी लक्षात आलं की पेटीचं घड्याळ ग्रीनिचवर होतं. साडेपाच तास मिळवले, तर काकू साडेदहाच्या आणि सर साडेसहाचे.

'आर्टिकल' या नावावर तर महाभारत होतं. कारण सीएची उमेदवारी करणाऱ्या चार आर्टिकल पोरांचं खातं एकच आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत सगळे पाहुणे 'वैयक्तिक काम' लिहितात, तेवढीच ही माहिती मोलाची. चौघांना वेगळी खाती दिली. चहाच्या वेळी मी जरा छाती फुगवून म्हणालोही, "आता फोल्डरचं नाव बदललंत तरी मला दिसतं!"

हे बोलायला नको होतं. दुसऱ्या सकाळी लॉगमध्ये ओळ: 'आर्टिकल-३, नवा फोल्डर, काका_आज_भजी_सांगायची_का'. मी लॉगमध्ये काही लिहू शकत नाही, तो फक्त वाचायचा. म्हणून मीही एक फोल्डर केला: 'कांद्याची'. मग 'एसी_२४_करा' आलं, त्यावर काकूंचं 'मुळीच_नाही' आलं. या बाई अकरा वर्षांत माझ्याशी व्हाउचरपलीकडे बोलल्या नव्हत्या. सरांना या पत्रव्यवहाराचा पत्ता नाही, असं मी धरून चाललो होतो.

लॉग म्हणजे खरं तर ओंडका. जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधून समुद्रात सोडलेलं लाकूड. त्याची मापं ज्या वहीत उतरवत ती लॉगबुक. पुढे यंत्रांच्या नोंदींसाठी १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सिसलॉग केला. त्यात नोंदींच्या गंभीरपणाच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत. आमच्याकडे दोनच: सरांना सांगायचं आणि सरांना सांगायचं नाही.

महिनाअखेरीला आणखी एक फोल्डर गेला. मी लॉगवर झडप घातली. पुसल्याची नोंद नव्हती, हलवल्याची होती. माउसने चुकून ओढला गेलेला फोल्डर शेजारच्या 'दिवाळी भेटी'मध्ये जाऊन पडला होता. आत पहिला हरवलेलाही होता, शांतपणे काजूकतलीच्या यादीशेजारी. वेळ ४:१२. नाव: सर.

ही कोणती पायरी, हे सिसलॉगला विचारून उपयोग नव्हता. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, हे सर क्लायंटांना टेबलावर बोट आपटून सांगतात. मी त्याच टेबलावर प्रिंट ठेवली.

सरांनी ती दोनदा वाचली.

"माझ्या नावाने दुसरं कुणी बसलं असेल."

"सर, तुमच्या खोलीत?"

बराच वेळ फक्त पंखा फिरला. "हे किती दिवस राहतं?"

"एकशे ऐंशी दिवस. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनच्या २०२२च्या आदेशाएवढे ठेवलेत."

"छान, छान," म्हणाले आणि फोन उचलला. तो वाजलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी १०:४१ला लॉगमध्ये ओळ आली: 'सर, नवा फोल्डर, हे_यातून_काढता_येईल_का'. १०:४२ला त्याचं नाव बदलून 'दिवाळी' झालं. १०:४३ला तो पुसला गेला. तिन्ही नोंदी व्यवस्थित उतरल्या आहेत.