विचारूराव

प्रत्येक गृहसंस्थेत एक विचारूराव असतात. कोथरूडला असतात, डोंबिवलीला असतात, नाशिकच्या गंगापूर रोडलाही असतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बहुधा बँकेतली, नाहीतर जिल्हा परिषदेतली, आणि तीही रीतसर निरोप समारंभ होऊन संपलेली. तब्येत उत्तम, पेन्शन वेळेवर, आणि डोक्यात कायम एक पेच. हा पेच मोठा नसतो. घर विकावं का, बायपास करून घ्यावी का, असले मोठे पेच विचारूराव चहा गार व्हायच्या आत सोडवतात. त्यांचं अडतं ते शेजारणीचा स्टीलचा डबा परत करताना.

डबा रिकामा परत करू नये, एवढं कोणालाही ठाऊक असतं. काही नसेल तर चिमूटभर साखर घालावी. पण शेजारणीला मधुमेह निघाल्याचं परवाच जिन्यात कळलेलं असतं. मग साखर घालणं हा खोडसाळपणा तर ठरणार नाही? गूळ चालेल? तांदूळ घातले तर काही भलतंच सुचवल्यासारखं होईल का? विचारूराव हा प्रश्न टेकडीवर मांडतात, दुधाच्या रांगेत मांडतात, न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवलेल्या अवस्थेत मांडतात. तेवढ्यात शेजारणीच्या चुलतसासऱ्यांचं निधन होतं. आता सुतक संपेपर्यंत त्या घरात डब्यातून काही द्यावं की नाही, हा पोटप्रश्न निघतो आणि डबा आणखी दहा दिवस ओट्यावरच राहतो. शेवटी शेजारीणच दार वाजवते. ‘‘अहो, माझा डबा आहे का हो तुमच्याकडे? लोणचं भरायचं होतं.’’

ज्याला विचारलं की दोन मिनिटांत प्रश्न मिटेल, तेवढा एक माणूस सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं, हा विचारूरावांचा बाणा आहे.

त्यांना हसण्याआधी त्यांची परंपराही पाहायला हवी, कारण ती चांगली दणकट आहे. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत ‘निर्णयसिंधु’ पुरा केला तो असल्याच अडचणींसाठी. तिथी दोन दिवसांत विभागली तर व्रत कोणत्या दिवशी करायचं, आशौच कोणाचं किती दिवस धरायचं, याबद्दल कोण काय म्हणतो ते सगळं सांगून मग ते आपला निर्णय देतात. पुढे १७९०च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ लिहिला. त्यांनी मतामतांचा गलबला बाजूला ठेवून नुसता निकाल सांगितला, आणि पुरोहितांनी तो ग्रंथ डोक्यावर घेतला. १९७३पासून ‘कालनिर्णय’ने हीच सोय स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगली. विचारूराव घराण्याने म्हणाल तर कमलाकरभट्टांचे. मतं सगळी गोळा करतात. निर्णयाचं पान तेवढं त्यांच्या प्रतीत नाही.

घरात विचारता येत नाही ते परक्याला विचारायचं, ही दुसरी परंपरा. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते, तेव्हा लोक त्यांना पत्रांतून जे विचारत ते शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारायची त्यांची छाती नव्हती. त्या प्रश्नांमागे निदान खरी भीती होती. विचारूरावांना भीती असते ती एकच: समोरचा उत्तर देईल.

आता आहेराचं बघा. वहिनींकडे, म्हणजे विचारूरावांच्या सौभाग्यवतींकडे, आहेराची वही आहे. कोणी कधी किती घातले, भांडं असेल तर कशाचं होतं आणि त्यावर नाव आधी कोणाचं होतं, सगळं त्यात आहे. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी एक्कावन्न रुपये घातले, त्यांच्या नातीचं आता लग्न. विचारूराव बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे जाऊन एक्कावन्न रुपयांचे आजचे किती, याचा हिशेब चक्रवाढीने करून आणतात. येणारा आकडा सम असतो म्हणून त्यावर एक रुपया वाढवतात. मग पत्रिका उलटून बघतात, तर तळाशी छापलेलं: कृपया आहेर आणू नये. झालं! हे मनापासून आहे की रीत म्हणून? पाकीट खिशात ठेवून जावं आणि इतरांचे हात बघावेत, असं टेकडीवरच्या बहुमताने ठरतं. विचारूराव जेवणाच्या पंक्तीपर्यंत नुसते हातच बघत बसतात आणि पाकीट जसंच्या तसं घरी येतं. आता ते वहीत लिहायचं कसं, हा वहिनींचा प्रश्न. तोही तेच फिरवून आणतात.

कुत्रा या प्राण्याने मात्र विचारूरावांच्या आयुष्याला खोली आणली.

सुरुवात लिफ्टमध्ये झाली. पाचव्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने बीगल आणला. लिफ्ट उघडल्यावर आत बीगल दिसला तर आपण शिरावं की ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणावं? ‘व्हा पुढे’ म्हटलं तर ते कुत्र्याला धरून बोलल्यासारखं होतं का? विचारूराव वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेले. वकिलांनी कायदाच काढला. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी जादा पैसे मागता येत नाहीत. वर घटनेचं ५१-क कलम. प्राणिमात्रांवर दया हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य, १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेलं. विचारूरावांनी हे सगळं छापून घेऊन फोल्डरमध्ये लावलं. कायद्याचं ज्ञान एवढं वाढलं, पण पाचव्या मजल्यावरच्या मुलीला ‘चावत नाही ना?’ हे तीन शब्द काही विचारले गेले नाहीत. ते अजून जिन्यानेच जातात. गुडघ्यांना बरं असतं, असं म्हणतात.

वकिलांकडचा हा उत्साह त्यांना महागात पडला. बोलता बोलता कळलं की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट घरात पाळणं गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. सासूबाईंच्या गॅलरीत तर पिंजरा! विचारूरावांनी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ‘माझ्या एका मित्राकडे’ अशी सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, पिंजऱ्यात वाढलेला पोपट एकदम सोडून देऊ नका, बाहेर त्याचा निभाव लागत नाही. वनखात्याच्या ताब्यात द्यायला सांगा मित्राला. तेवढ्यात मागून मित्राच्या पोपटाने विचारूरावांना नावाने हाक मारली. डॉक्टर काही बोलले नाहीत. सासूबाईंना हे कोणी सांगायचं, यावर सध्या मेव्हण्यांशी पत्रव्यवहार चालू आहे. होय, पत्रव्यवहार. फोनवरचं सासूबाई ऐकतात.

पण खरी परीक्षा धाकट्या भावाने घेतली. भावाची मुलगी न्यू जर्सीत, तिचं बाळंतपण. भाऊ आणि भावजय सहा महिन्यांसाठी निघणार. त्यांच्याकडे सिंबा नावाचा लॅब्रेडॉर, चांगला तीस किलोंच्या पुढचा. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, ‘‘सिंबाचं काय करायचं ते बघतोय, दादा.’’

या ‘बघतोय’वर विचारूरावांनी दीड महिना काढला. बघतोय म्हणजे काय? आपण ‘आमच्याकडे ठेव’ म्हणावं, यासाठी करून दिलेली ही वाट होती का? नाही म्हटलं तर माणुसकी नाही, हो म्हटलं तर घरात गौरी-गणपती. सिंबाने उकडीच्या मोदकांना तोंड लावलं तर?

आधी डॉक्टर. त्यांनी रेबीजची लस दरवर्षी टोचलेली आहे ना ते बघायला सांगितलं, आणि काय खायला घालू नये ती यादी दिली: कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट. वहिनी प्रभावित झाल्या. ‘‘आपल्याला चार महिने जमत नाही, आणि हा बारा महिने चातुर्मास पाळतो!’’ सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याच्यासाठी वगळले तर प्रसादाला उणेपणा येतो का, हा प्रश्न मात्र डॉक्टरांनी घ्यायचं नाकारलं. चावलाच तर काय, यावर ते म्हणाले, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि उशीर न करता लस घ्या. ‘‘ते झालं,’’ विचारूराव म्हणाले, ‘‘पण सख्ख्या भावाचा कुत्रा चावला तर इंजेक्शनांचा खर्च कोणी करायचा?’’ सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात, असं सांगून डॉक्टरांनी पुढच्या मांजराला आत बोलावलं.

मग गुरुजी. गौरी घरात असताना कुत्रा चालतो का? गुरुजी सायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत. ‘‘दत्ताच्या तसबिरीत चार आहेत. तुम्हाला एक जड जातोय?’’ धर्मराज तर कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जायला तयार नव्हता, ही आठवणही त्यांनी करून दिली. विचारूराव म्हणाले, ‘‘हो, पण धर्मराजाचा तो स्वतःचा निर्णय होता.’’

गुरुजींनी त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. आठवड्यापूर्वीच त्यांना सिंहगड रोडवरून धाकट्या भावाचा फोन आला होता. दादांना कुत्र्याचं विचारावं का, विचारलं तर दडपण येईल का, नाही विचारलं तर परकेपणा वाटेल का, आणि विचारायचंच झालं तर अमावास्येच्या आत विचारावं की नंतर. दोन्ही यजमान जुने. गुरुजी कोणाचं कोणाला सांगत नाहीत.

भावजय या घराण्यात बाहेरून आलेली. तिने एका सकाळी कामाच्या मावशींना विचारलं, मावशींनी मुलाला विचारलं, आणि सिंबा धायरीला मावशींच्या अंगणात महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर मुक्कामाला गेला. त्याला तिथे दोन बकऱ्यांची सोबतही आहे.

बातमी विचारूरावांना तिसऱ्याकडून कळली. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा काढला. ‘‘बघितलंस? सख्खा भाऊ. आम्हाला एका शब्दाने विचारलं नाही!’’

वहिनींनाही लागलंच. आता विमान रात्री दीडचं, मुंबईहून. रागावलो आहोत हे दिसायला हवं आणि मोठेपणाही सुटायला नको, तर विमानतळापर्यंत पोचवायला जावं, की वाकडच्या पुलापर्यंत जाऊन परत यावं? गेलो तर नारळ द्यावा का? नारळ तिकडच्या कस्टमवाल्यांना चालतो का? विचारूराव चपला घालून बँकवाल्या काकांकडे निघालेत. जिन्याने.