शनिवारचा कैवार

‘स्मॉल बिझनेस सॅटर्डे’ हा अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी पाळला जाणारा, छोट्या दुकानदारांच्या कैवाराचा दिवस. नाताळच्या खरेदीतला शुक्रवार बड्या दुकानांनी आधीच बळकावला होता, सोमवार ऑनलाइन विक्रेत्यांनी; मधला शनिवार मोकळा सापडला. (रविवारी बहुधा पाय दुखत असावेत.) हा दिवस २०१० मध्ये सुरू केला तो दुकानदारांच्या संघटनेने नव्हे, तर अमेरिकन एक्सप्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीने. कार्यपद्धती सोपी आहे. गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुकानात जाते, कार्ड पुढे करते, आणि विक्रीतला ठरावीक टक्का कंपनीच्या पदरात पडतो. हे कार्ड इतरांपेक्षा महाग पडते, ही छोट्या दुकानदारांची जुनी तक्रार. कित्येक जण ते घेतच नसत. सुरुवातीला नोंदणी केलेल्या कार्डधारकाला २५ डॉलर परत मिळत, अर्थात पैसे त्याच कार्डाने दिले तर. २०११ मध्ये अमेरिकी सिनेटने या दिवसाला पाठिंबा देणारा ठराव केला. राष्ट्राध्यक्ष ओबामा या दिवशी मुलींना घेऊन छोट्या दुकानात पुस्तके आणायला गेले. २०१३ मध्ये ही प्रथा ब्रिटनमध्ये पोहोचली. तिथे थँक्सगिव्हिंगच नसल्याने डिसेंबरचा पहिला शनिवार पत्करावा लागला. अमेरिकेत या दिवसाचे नाव कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तिने अजून कोणताही वार नेमलेला नाही.