अज्ञात चोरटे यांस

श्री. अज्ञात चोरटे,
मु. पो. सर्वत्र

विषय : आमच्या सोसायटीवरील आपल्या लोभाबाबत

स. न. वि. वि.

बी विंगमधल्या बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून आपण ऐवज लंपास केलात, त्याच संध्याकाळी आमच्या सभासदांचे एकमत झाले. (हे क्वचितच होते.) ‘आता इथं कशाला मरायला येतील परत!’ असे म्हणत शेजारचे बिऱ्हाड निर्धास्तपणे गावी गेले. बाहेरून ठळक पितळी कुलूप, आणि दूधवाल्याला सांगायचे राहिल्यामुळे कडीला लटकणारी पिशवी. पंधरवडाही लोटला नाही तोच आपण आलात.

विलायतेत आपल्या व्यवसायाचा कसून अभ्यास झाला आहे. शेन जॉन्सन आणि केट बॉवर्स यांनी लिव्हरपूल परिसरातल्या घरफोड्या ठिकाण आणि तारीख जुळवून पाहिल्या. एक घर फुटले की सुमारे 400 मीटरच्या टापूतल्या घरांचा धोका महिना-दोन महिने वाढलेला राहतो, मग ओसरतो. समोरच्या रांगेपेक्षा त्याच रांगेतल्यांना अधिक. साहजिकच आहे. आमच्याकडे ड्राय बाल्कनीची जाळी, बेडरूममधले कपाट, त्यातला लॉकर आणि साड्यांच्या घडीखालची लॉकरची किल्ली, सगळे प्रत्येक मजल्यावर त्याच जागी. एक फ्लॅट पाहिला की अख्खी विंग पाठ.

मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधल्या कर्कहोल्ट वसाहतीने मात्र 1980च्या दशकात आपल्या मंडळींची फार गैरसोय केली. जे घर फुटले, त्याचाच बंदोबस्त आधी केला. नाणी टाकून चालणारे विजेचे आणि गॅसचे मीटर आतल्या चिल्लरीसकट काढले. आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत घरफोड्या जवळपास पाऊणपट घटल्या.

इथे तशी भीती बाळगू नये. आम्ही कॅमेरा पुढच्या गेटवर बसवला आहे. आपण मागच्या पाइपवरून येता. पाइपला काटेरी तार लावायचा ठराव खर्चाच्या मुद्द्यावर तहकूब आहे. फुटलेल्या घराच्या शेजाऱ्यांनी हळहळण्यापलीकडे काही करावे, असे आमच्या उपविधींत कुठे म्हटलेले नाही.

तारेचा विषय रविवारी सकाळी दहाच्या सभेत पुन्हा घेऊ. सभा गच्चीवर आहे, नंतर मिसळ असल्याने सभासद सहकुटुंब वरच असतील. तशी नोटीस जिन्याखालच्या फलकावर लावली आहे.

आपला,
मानद सचिव